वरसई आणि शिरढोण : एका झगड्याच्या दोन कहाण्या

पनवेलहून पेणकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे थोड्याच अंतरावर पळस्पे लागते. तसेच पुढे गेले की कर्नाळ्याचा सुळका आभाळात वर आलेला दिसू लागतो आणि त्याच्या आसमंतातच शिरढोण हे गाव येते. कर्नाळ्याची खिंड ओलांडून पलीकडे उतरले म्हणजे पेण तालुका. त्या तालुक्यातील वरसई हे भिक्षुकांच्या वस्तीचे एक लहानसे गाव. ह्या दोन गावांमध्ये सामान्य माणसाच्या एका दिवसाच्या चालीपेक्षा फारसे अंतर नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ह्या दोन गावांतील दोन माणसांनी हाती लेखणी धरली. एक होता दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडलेला गरीब ब्राह्मण. दुसरा होता सरकारी कचेरीतील नोकरी सोडून डोंगरात शिरलेला बंडवाला. दोघांचाही विषय एकच होता. इंग्रजांचे राज्य हत्याराच्या बळावर उलथून टाकण्याचा प्रयत्न कसा झाला आणि तो कसा फसला, हा तो विषय.

वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ मराठी वाचकांस सुपरिचित आहे. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचे आत्मवृत्त व रोजनिशी त्या मानाने फारच थोड्यांनी वाचली असेल. फडक्यांचे नाव सर्वांस ठाऊक, पण त्यांचे शब्द थोड्यांस ठाऊक, अशी आजची स्थिती आहे. हे दोन लेख शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर त्या दोन्हींतून जे दिसते ते कोणत्याही एकातून दिसत नाही. म्हणूनच ही तुलना करावयाची.

कोणी म्हणेल की गोडसे भटजींनी पाहिले ते १८५७-५८ चे उत्तर हिंदुस्थानातील बंड, आणि फडक्यांनी उभारले ते १८७९ चे दख्खनमधील बंड. मग हा झगडा एक कसा? प्रश्न रास्त आहे. परंतु दोहोंमध्ये बावीस वर्षांचेच अंतर आहे. सत्तावन साली फडके बारा वर्षांचे होते. ज्या मुलांनी त्या वर्षीच्या वार्ता वडील माणसांच्या तोंडून ऐकल्या, तीच मुले १८७९ साली ऐन तारुण्यात होती. झगड्याचा मूळ प्रश्नही तोच होता: ह्या भूमीवर राज्य कोणाचे असावे? रणांगण बदलले, सैन्य बदलले, कारणांची भाषा बदलली. प्रश्न बदलला नाही. भाषा कशी बदलली, हेच तर पाहण्यासारखे आहे.

ह्या मुलखाची त्या काळची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पनवेल हे खाडीवरचे बंदर. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून मुंबईचा उतारू बोटीने पनवेलास उतरावयाचा आणि तेथून गाडीने किंवा पायी पुण्याची वाट धरावयाचा, असा क्रम पडला होता. १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली आणि ही वर्दळ पुष्कळशी ओसरली. म्हणजे पनवेल हे घाटावरच्या आणि समुद्रापारच्या बातम्यांचे नाके होते. त्याच्या पाठीशी कर्नाळ्याचा किल्ला. हा किल्ला १८१८ साली कर्नल प्रॉथरने घेतला. मराठी राज्याच्या अखेरीस ह्या किल्ल्याची किल्लेदारी फडके घराण्यात होती आणि वासुदेव बळवंतांच्या आजोबांनी ती सांभाळली होती. शिरढोणच्या अंगणातून जो सुळका रोज दिसे, तो घरातून गेलेल्या सत्तेची आठवण करून देणारा होता. वरसईच्या गोडशांच्या घरात अशी सत्तेची आठवण नव्हती. तेथे होते ते वेदपठण, यजमानकृत्ये आणि कर्ज.

हे कर्जच गोडसे भटजींच्या प्रवासाचे कारण झाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार, तेथे विद्वान ब्राह्मणांस भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणात येऊन पोहोचली. तेव्हा सुमारे तीस वर्षांचे विष्णुभट आपल्या चुलत्यांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. घरच्यांचा जीव वर-खाली होत होता. परंतु कर्ज फेडावयाचे तर दुसरा उपाय नव्हता. वाटेत, माळव्याच्या बाजूस, त्यांना शिपाई भेटले आणि येऊ घातलेल्या गडबडीची वार्ता त्यांच्याकडूनच ऐकण्यात आली. परत फिरावे की पुढे जावे, ह्याचा विचार झाला, आणि गरजेने भीतीवर मात केली. यज्ञ राहिला बाजूला; हे दोघे चुलते-पुतणे एका महायुद्धाच्या पोटात चालत गेले. त्यांना कोणाविरुद्ध लढावयाचे नव्हते, कोणाचे राज्य आणावयाचे नव्हते. दक्षिणा घेऊन घरी यावयाचे होते, इतकेच.

‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकाचे सामर्थ्य ह्या साधेपणातच आहे. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज झाशीसमोर येऊन ठेपली आणि ३ एप्रिल रोजी इंग्रजांनी तट चढून शहरात प्रवेश केला. त्या वेळी गोडसे भटजी शहराच्या आत होते. तोफांचे गोळे घरांवर कसे पडत, पाण्यावाचून लोकांचे हाल कसे झाले, तात्या टोपे मदतीस येत आहेत ह्या बातमीने शहरात कसा हुरूप आला आणि त्यांचा पराभव झाल्याचे कळताच तो कसा मावळला, हे त्यांनी एखाद्या गृहस्थाने घरातील आजारपण सांगावे तसे सांगितले आहे. शहर पडल्यानंतर तीन दिवस जी कत्तल चालली तिला ते ‘बिजन’ असा शब्द वापरतात. त्यानंतर लूट. ती कशी पायरीपायरीने झाली ह्याची त्यांनी दिलेली हकीकत अंगावर काटा आणते: प्रथम सोने-रुपे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, शेवटी धान्यदेखील. लुटीलाही शिस्त होती, आणि ती शिस्त कत्तलीहून भयंकर वाटते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याची हळहळ एका वैदिकाला सोन्याच्या लुटीपेक्षा अधिक वाटली, हेही त्यांच्या लिहिण्यातून स्पष्ट दिसते. जवळचे द्रव्य पुढे करून चुलत्या-पुतण्यांनी आपले प्राण वाचविले.

आता शिरढोणकडे वळू. वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. शिक्षण झाल्यावर त्यांनी मुंबईत निरनिराळ्या कचेऱ्यांत नोकरी केली आणि पुढे लष्करी हिशेबखात्यातील नोकरीच्या निमित्ताने ते पुण्यास आले. आई आजारी असता रजा वेळेवर मिळाली नाही आणि अखेरची भेट झाली नाही, हा घाव त्यांच्या मनात कायमचा राहिला. पुण्यात त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची स्वदेशी व्यापार व देशाचे दारिद्र्य ह्यांवरील व्याख्याने ऐकली. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर ह्यांच्याबरोबर ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ ही शाळा काढण्याच्या कामात भाग घेतला. लहुजी साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा व बंदूक ह्यांची मेहनत केली. म्हणजे सभा, शाळा आणि तालीम ह्या तिन्ही वाटा त्यांनी चालून पाहिल्या होत्या. १८७६ ते १८७८ ह्या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात माणसे लक्षावधींनी मेली. फडके वेश पालटून दुष्काळी मुलखात हिंडले, आणि जे पाहिले त्याने त्यांचा कचेरीतील जीव कायमचा उठला.

१८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी रामोशी मंडळींस हाताशी धरून पुणे जिल्ह्यातील धामारी गावावर पहिला दरोडा घातला. पुढचे काही महिने सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस धामधूम चालली. त्याच साली मे महिन्यात त्यांच्या नावाने जाहीरनामा निघाला. रयतेचा बोजा हलका करा, लोकांना कामधंदा मिळेल अशी कामे काढा, बड्या पगारांना कात्री लावा, नाही तर परिणाम भोगा, असा त्याचा आशय होता. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या शिरासाठी इनामही लावले होते. सरकारने फौज पाठविली. साथीदार पांगले. फडके दक्षिणेस श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या आश्रयास गेले. तेथे, सर्व काही संपले अशा मनःस्थितीत, देवापुढे देह ठेवावा असे मनात आणून, त्यांनी आपली हकीकत लिहावयास घेतली. मरण मात्र तेथे यावयाचे नव्हते. पुन्हा उभारी धरून त्यांनी निजामच्या मुलखात रोहिल्यांची जमवाजमव आरंभली; पण २० जुलै १८७९ रोजी विजापूरच्या बाजूस देवर नावदगी येथे मेजर डॅनियल व निजामच्या पोलिसांचे अधिकारी अब्दुल हक ह्यांनी त्यांना पकडले. पुण्यास खटला झाला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ह्यांनी वकीलपत्र घेतले. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांची रवानगी एडनला झाली. तेथील तुरुंगातून ते एकदा निसटलेही, परंतु पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

दोन्ही लेखांतील पहिला मोठा फरक कारणांविषयी आहे. बंड का झाले, ह्याचे गोडसे भटजींनी दिलेले उत्तर धर्माचे आहे. काडतुसांची कथा तर त्यांच्याकडे आहेच. शिवाय इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे चौऱ्यांशी कलमे मांडली व त्यांत हिंदू-मुसलमानांचे आचार मोडण्याचा घाट होता, अशी लोकांत पसरलेली आवई त्यांनी खरी मानून सविस्तर लिहून ठेविली आहे. अशी काही सभा खरोखर झाली होती असे इतिहास सांगत नाही. पण आवई म्हणून ती फार मोलाची आहे. कारण लोक कशासाठी मरावयास तयार झाले, हे इतिहासातील खऱ्या कागदांपेक्षा अशा खोट्या बातम्यांतून अधिक कळते. फडक्यांच्या लेखात ही भाषा जवळजवळ मागे पडलेली आहे. देवधर्मावर त्यांची श्रद्धा अपार होती, दत्तभक्ती होती, दधीची ऋषीने आपली हाडे दिली हा दाखला त्यांच्या ओठांवर होता. पण बंडाचे कारण सांगताना ते धर्म भ्रष्ट झाल्याचे सांगत नाहीत; माणसे उपाशी मरत असल्याचे सांगतात. धंदे बुडाले, कर वाढले, दुष्काळात अन्न मिळेना, आणि हे सर्व परक्या राज्यामुळे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. वरसईहून शिरढोणपर्यंत येता येता झगड्याचे केंद्र देवघरातून स्वयंपाकघरात आले. बावीस वर्षांत झालेला हा बदल एखाद्या मोठ्या ग्रंथात शोधावा लागतो; येथे तो दोन शेजाऱ्यांच्या दोन लेखांत उघडा दिसतो.

दुसरा फरक पैशासंबंधीचा आहे, आणि खरे पाहता तो फरक म्हणजेच त्या दोघांतील अत्यंत जवळचे नाते आहे. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कथांत पैशाला सहसा जागा मिळत नाही. तेथे त्याग असतो, तलवार असते, बलिदान असते, हिशेब नसतो. ह्या दोघांचे लेख हिशेबाने भरलेले आहेत. गोडसे भटजी कोठे किती दक्षिणा मिळाली, ती कोणी लुटली, पुन्हा किती जमली, हे मोकळेपणाने सांगतात. गोऱ्या शिपायांनी लुटले, बंडवाल्यांच्या धामधुमीत लुटले गेले, वाटेवरच्या चोरांनी लुटले. लुटणाराचा झेंडा कोणता, ह्याने लुटलेल्याच्या रिकाम्या कमरेत काही फरक पडत नाही, हे त्यांच्या साध्या निवेदनातून आपोआप उमटते.

फडके ह्याच गोष्टीच्या पलीकडच्या टोकास उभे आहेत. मोठमोठ्या सावकारांनी देशकार्यासाठी द्रव्य द्यावे, यश आल्यावर ते परत करू, अशी त्यांची अपेक्षा होती. ती विफल झाली. मग दरोड्याची वाट आली. ह्या वाटेची त्यांना हौस नव्हती, पण तिचे समर्थन करताना ते घाबरतही नाहीत: फौज उभारावयाची तर पैसा पाहिजे, आणि पैसा देत नाहीत त्यांच्याकडून तो घेतला पाहिजे. थोडे द्रव्य हाती येते तर चारी दिशांना माणसे पाठवून एकाच वेळी ठिकठिकाणी उठाव करावयाचे, टपाल, आगगाडी आणि तारायंत्र बंद पाडावयाचे, तुरुंग फोडून कैद्यांना मोकळे करावयाचे, असा त्यांचा आराखडा होता. तो वाचताना ध्यानात येते की हा माणूस केवळ संतापाने वेडा झालेला नव्हता. सत्तावन साली इंग्रजांना तारायंत्राने तारले, ही गोष्ट त्या पिढीला ठाऊक होती. पण आराखड्याच्या पुढच्याच ओळींत त्यांची निराशा प्रकट होते. ज्या रामोशांना त्यांनी देशासाठी उठविले, त्यांचे लक्ष वाटणीकडे होते. वाटणी मिळाली की ते घरी जात. आपण सांगतो ते ह्यांच्या काळजात शिरत नाही, हे फडके ज्या कडवटपणे लिहितात तो कडवटपणा पोलिसांच्या भाषांतरातूनही लपत नाही.

येथे एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. फडक्यांचा रामोशांवरील हा ठपका न्याय्य होता काय? ज्यांच्या घरात दुष्काळाने दाणा ठेविला नव्हता, त्यांना वाटणी नको होती असे मानणेच चुकीचे. उपासमार हे बंडाचे कारण, असे फडके स्वतःच सांगतात. मग उपाशी माणसाने प्रथम पोटाकडे पाहिले ह्यात नवल ते काय? कर्जापायी झाशीच्या आगीत शिरलेल्या गोडसे भटजींनी रामोशांचे मन फडक्यांपेक्षा अधिक सहज जाणले असते. एक दक्षिणेसाठी निघाला, दुसरा वाटणीसाठी. दोघांनाही राज्याची घडामोड पोटाच्या वाटेने भेटली.

हा विचार पनवेलच्या मातीवरच कसोटीस लागतो. १८७९ च्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांना फडक्यांच्या साथीदारांची एक टोळी दौलतराव नाइकाच्या नेतृत्वाखाली कोकणात उतरली आणि तिने पळस्पे व चिखली ही गावे लुटली. ह्या दरोड्यात फडके स्वतः हजर नव्हते. परत घाटाकडे जाताना मेजर डॅनियलच्या शिपायांनी टोळीला गाठले आणि दौलतराव मारला गेला. फडक्यांचा उजवा हात गेला, आणि बंडाचा कणा मोडला तो येथेच. आता पाहा: ज्या पळस्प्यावर दरोडा पडला, ते शिरढोणच्या रस्त्यावरचे गाव, बंडवाल्याच्या जन्मगावचे शेजार. ज्यांच्या मुक्तीसाठी हे सारे आरंभले होते, त्यांचीच घरे लुटली गेली. त्या रात्री पळस्प्यातील घरांत काय झाले, ह्याची हकीकत घरच्या माणसाच्या हातची लिहिलेली नाही. बंडवाल्याचा लेख आहे, सरकारी अहवाल आहेत, खटल्यातील साक्षी आहेत. पण घराच्या आतून दार लावून बसलेल्या माणसाचा लेख नाही.

तो लेख वरसईत आहे. काळ निराळा, शहर निराळे, लुटणारे निराळे. पण दाराबाहेर पावले वाजू लागली म्हणजे आत बसलेल्या माणसाला काय वाटते, जवळची चीजवस्तू कोठे लपवावी, कोणती पुढे करावी, प्राण वाचला तर उद्या काय खावे, हे सर्व गोडसे भटजींनी लिहून ठेविले आहे. म्हणून फडक्यांचे आत्मवृत्त वाचणाराने गोडसे भटजी वाचलेच पाहिजेत. त्यावाचून बंडाचा अर्धा भागच कळतो. आणि गोडसे भटजी वाचणाराने फडके वाचले नाहीत, तर तोही फसण्याचा संभव आहे. कारण गोडसे भटजींच्या पुस्तकात सगळे ईश्वरी इच्छेने घडते. राज्ये बुडतात, शहरे जळतात, आणि माणूस कपाळाला हात लावून पुढची वाट चालू लागतो. हे असेच चालावयाचे काय, आणि नसेल तर कोणी तरी काही केले पाहिजे की नाही, हा प्रश्न त्या पुस्तकात उठत नाही. तो फडके विचारतात. त्यांचे उत्तर चुकले असेल. प्रश्न चुकला नव्हता.

पराभवाचे चित्र दोघांनीही काढले आहे, आणि दोन्ही पुस्तकांचा गाभा त्या चित्रांत आहे. झाशी सोडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडसे भटजींना राणी लक्ष्मीबाई भेटल्या. अंगावर धूळ, वेश पुरुषी, चेहरा उतरलेला, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी ओढावयास पुढे सरसावले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी हे करू नये म्हणून त्यांनी स्वतःच पाणी काढले आणि ओंजळीने प्याल्या. आपल्यासारख्या विधवेला खरे तर किती थोडे पुरले असते, पण धर्माच्या अभिमानाने हे सर्व अंगावर घेतले, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे भटजींनी नोंदविले आहे. सिंहासनावरील राणीचे वर्णन अनेकांनी केले. विहिरीवरची राणी एका भिक्षुकाने दाखविली. फडक्यांच्या लेखात असा दुसरा साक्षीदार नाही. तेथे श्रीशैलाच्या डोंगरात हरलेला सेनापती आणि त्याला पाहणारा लेखक हे एकच आहेत. आपण देशबांधवांसाठी काही करू शकलो नाही, ह्याबद्दल ते त्यांची क्षमा मागतात. राणीला निदान समोरून पाणी देऊ पाहणारा कोणी होता. फडक्यांना कागदच तेवढा होता.

ह्या दोन्ही लेखांच्या नशिबी आलेला प्रवासही सांगण्यासारखा आहे. फडक्यांचे कागद सरकारच्या हाती पडले आणि त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात उभे राहिले. स्वतःच्या मनाशी केलेले बोलणे आरोपपत्र झाले. सरकारी कामासाठी त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून १९५७ साली छापलेल्या खंडातून अभ्यासकांपुढे आले ते हे भाषांतर. म्हणजे शिरढोणच्या माणसाचा मराठी आवाज लोकांना दुभाष्याच्या तोंडून ऐकावा लागला, आणि दुभाषा होता त्याचा शत्रू. गोडसे भटजींच्या लेखाचे हाल इतके झाले नाहीत, पण तोही सरळ आला नाही. घरी परतल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी मोडीत ही हकीकत लिहिली. ज्या साली एडनच्या तुरुंगात फडक्यांचा अंत झाला, त्याच सुमारास वरसईचा हा भिक्षुक सत्तावनची आठवण कागदावर उतरवीत होता, हा योगायोग मनात राहतो. हस्तलिखित जवळजवळ पाव शतक पडून राहिले. भटजींच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, वैद्यांनी ते छापले. परंतु भाषा नीटनेटकी करून, काही गाळून, काही बदलून. काळच तसा होता. मूळ लेख जसाच्या तसा लोकांपुढे यावयास १९६६ साल उजाडले. त्या वर्षी दत्तो वामन पोतदारांनी तो संपादून प्रसिद्ध केला.

विश्वासाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही लेखांना मर्यादा आहेत. गोडसे भटजी पंचवीस वर्षांपूर्वीचे आठवून लिहीत आहेत. त्यांच्या तारखा चुकतात, ऐकीव व पाहिलेले ह्यांची सरमिसळ होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते भाग आणि कोणी सांगितले ते भाग वेगळे करून वाचावे लागतात. फडके घटनेच्या अगदी जवळून लिहितात, त्यामुळे त्यांच्या तपशिलात ताजेपणा आहे. पण आपल्या अपयशाचा भार कोणावर टाकावा ह्याची त्यांच्या मनात चाललेली ओढाताण त्यांच्या साक्षीला एका बाजूस कलविते. एकाच्या लेखात काळ धूसर करतो, दुसऱ्याच्या लेखात दुःख. इतिहास लिहिणाराला दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

आणखी एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट. गोडसे भटजींनी मिळविलेले द्रव्य वाटेत जात राहिले. पण काशीहून उचललेली गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून उतरू दिली नाही, आणि सुमारे तीन वर्षांनी वरसईस येऊन आईबापांना त्या उदकाने स्नान घातले. त्यांच्या दृष्टीने प्रवास सफळ झाला. शिरढोणच्या माणसाला असे घरी येणे लाभले नाही. त्याचे घर आज स्मारक म्हणून जपले आहे. लोक ते पाहावयास जातात, हार घालतात आणि परततात. हार घालणे योग्यच आहे. परंतु पुतळ्याला घातलेला हार त्या माणसाचा प्रश्न ऐकू येऊ देत नाही. हजारो माणसे अन्नावाचून मरत असता शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या लोकांनी काय करावे, हा तो प्रश्न होता, आणि तो पुण्यातील सभांत बसलेल्यांना उद्देशून होता.

राष्ट्राच्या झगड्यांच्या कथा बहुधा जिंकणारांकडून किंवा हुतात्म्यांच्या भक्तांकडून लिहिल्या जातात. पनवेलच्या दक्षिणेस एकाच रस्त्याच्या आसपास असलेल्या दोन गावांनी मराठीला ज्या दोन कथा दिल्या, त्या दोन्ही हरलेल्या माणसांच्या आहेत. एकाने शत्रूशी लढण्यासाठी आपल्याच लोकांच्या घराची कडी वाजविली. दुसऱ्याने परक्या शहरात, कडी वाजत असता, आत बसून श्वास रोखून धरला. स्वातंत्र्याच्या किमतीचा हिशेब मांडावयाचा तर ह्या दोन्ही वह्या उघड्या ठेविल्या पाहिजेत. एकीतील जमा दुसरीत खर्च म्हणून लिहिलेली सापडेल, आणि दोन्हींची बेरीज केल्यावाचून त्या काळाची खरी शिल्लक कळावयाची नाही.